याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन वाशीत मिळतोय, ९ हजार सांगतायत, घ्यावा का?

जांभळीनाका

मंडळी मदत हवीये, रविवारी सकाळी कॅमेरा बघायला वाशीला जायचंय आणि त्याआधी डोकं क्लिअर करायचंय.

याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आहे, क्रोम बॉडी. विकणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांचा कॅमेरा, वडील गेल्यापासून कपाटात पडून होता. लेदर केस आहे, कॅप आहे, फोटोत एकदम चकाचक दिसतोय, वरच्या प्लेटला कुठे पोचा नाही. ९००० सांगतायत, थोडंफार कमी करू म्हणाले. फोनवर म्हणाले की चालू आहे, क्लिक होतो, फिल्म पुढे ओढायची लिव्हर फिरते, फक्त त्याची बॅटरी आता मिळत नाही म्हणून उजेड मोजायचं मीटर बघता आलं नाही. व्हिडिओपण पाठवला त्यांनी, त्यात खरंच खटाखट क्लिक होतोय.

मी आत्तापर्यंत मित्राचा एसएलआर वापरलाय, फिल्म भरणं, एक्स्पोजर वगैरे जमतं, पण रेंजफाइंडर, म्हणजे चौकोनातल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा कॅमेरा, कधी हातात धरलेला नाही. हवाय तो ठाण्यात पहाटेच्या जांभळी नाक्याच्या मार्केटसाठी, भाजीचे टेम्पो उतरतात तेव्हा, आणि दिवाळी पहाटेला तलावपाळीवर. एसएलआरचा आरसा खाडकन वाजतो आणि माणसं लगेच मान वळवून बघतात, याच्या लेन्समधल्या पात्यांच्या लीफ शटरचा आवाज जवळजवळ येत नाही असं वाचलंय.

तर ९ हजाराला घ्यावा का, आणि तिथे उभं राहून काय काय बघू? रिपेरिंग निघालं तर आपल्या इकडे कोणी करतं का? मनात आकडा किती धरून जाऊ तेही सांगा, तिथे गेल्यावर ठरवायला गेलो तर गडबड होईल.

ऐरोली_३५एमएम

क्लिक होतोय यावर जाऊ नका. या कॅमेऱ्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, बॅटरी नसली की ते दरवेळी १/५०० सेकंदालाच सुटतं. म्हणजे व्हिडिओत जे खटाखट चाललंय त्यावरून एवढंच कळतं की स्प्रिंग शाबूत आहे आणि पाती चिकटलेली नाहीत, सर्किट जिवंत आहे की मेलंय ते बॅटरी टाकल्याशिवाय कळायला काही मार्गच नाही. आणि याच्यात मॅन्युअल स्पीड हा प्रकारच नाही, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही निवडायचं आणि स्पीड कॅमेरा ठरवणार, त्यामुळे सर्किट गेलेलं असेल तर तुमच्या हातात एकाच स्पीडचा कॅमेरा येतो. पहाटेच्या मार्केटला १/५०० घेऊन काय करणार?

बॅटरी स्वतः घेऊन जा. बाकी पिवळाचौकोन काका सांगतीलच, त्यांनी हे कॅमेरे उघडलेत.

पिवळाचौकोन

ऐरोलीने मुद्द्याचं सांगितलं आहे, मी पुढचं लिहितो, जरा लांबेल पण वाचून जा.

आधी बॅटरी. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती, पीएक्स ३२. पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, अमेरिकेत तर १९९६ ला कायदाच आला, त्यामुळे ती आता मिळत नाही हे गृहस्थ खरं बोलतायत. पण म्हणून कॅमेरा तपासता येत नाही हे बरोबर नाही. ४एलआर४४ नावाची ६ व्होल्टची बॅटरी येते, साधारण करंगळीच्या पेराएवढी. ती जाडीला पण कमी पडते आणि लांबीला पण. जाड कागदाची सुरळी करून तिच्यात ती बसवायची आणि लांबीची उरलेली जागा जुन्या टॉर्चमधल्या स्प्रिंगने नाहीतर अॅल्युमिनियम फॉइलच्या घट्ट दाबलेल्या गोळ्याने भरायची. कप्प्यात प्लस मायनसची खूण असते ती बघूनच टाका. ०.४ व्होल्टचा फरक हे सर्किट सहन करतं, मी वर्षानुवर्षं असंच वापरतोय.

कप्प्याचं झाकण खालच्या बाजूला आहे, नाण्याने उघडतं. उघडल्यावर आत टॉर्च मारून बघा. पांढरी किंवा हिरवी पूड दिसली म्हणजे जुनी बॅटरी आत फुटलेली होती. थोडी असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, पण ती वायरीतून वर चढलेली असेल तर बॅटरी टाकूनही दिवा लागणार नाही. झाकण फिरतच नसेल तर जोर लावू नका, त्यांनाच उघडायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती कानाने तपासायची आहे. खोलीतला पंखा बंद करायला सांगा, कॅमेरा कानाजवळ धरा आणि लिव्हर सावकाश पूर्ण फिरवा. फिरताना आतून एक स्पष्ट 'ठक' यायला पाहिजे, गिअरच्या करकर आवाजापेक्षा वेगळा. या कॅमेऱ्यांच्या आत एक अगदी छोटा रबरी पॅड असतो, वय झालं की तो चुरा होऊन पडतो किंवा चिकट लगदा होतो. जगभरचे इलेक्ट्रोवाले त्याला पॅड ऑफ डेथ म्हणतात. तो गेला की शटरचं टायमिंग नीट रिसेट होत नाही, दिवे वेड्यासारखे लागतात, फोटो ओव्हर, म्हणजे जास्त उजेडाने पांढरट, यायला लागतात. 'ठक' आला नाही तर पॅड गेलाय असंच धरून चाला. बदलता येतो, पण वरचं कव्हर काढून आत जावं लागतं आणि ते घरी करण्याचं काम नाही.

मग बॅटरी टाका. मागच्या बाजूला चेकचं बटण आहे, दाबलं की हिरवा दिवा लागला पाहिजे. तो लागला म्हणजे बॅटरीपासूनचा रस्ता ठीक आहे, शटर ठीक आहे असं नव्हे, इथे बरेच जण फसतात. पुढे समोरच्या बाजूला वरती मीटरचा छोटा डोळा दिसेल, त्यावर बोट ठेवा आणि शटरचं बटण अर्धं दाबा. पिवळा दिवा लागायला हवा, म्हणजे स्पीड १/३० च्या खाली चाललाय अशी सूचना. मग एएसए, म्हणजे फिल्म किती संवेदनशील तो आकडा, १००० ला नेऊन, अॅपर्चर एफ १.७ म्हणजे पूर्ण उघडं करून खिडकीबाहेरच्या उजेडाकडे धरा, लाल दिवा लागायला हवा, म्हणजे ओव्हर. हे दोन्ही दिवे वरच्या प्लेटवर पण दिसतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पण.

दिवे बरोबर लागले तरी थांबू नका. मागचं दार उघडा, घरात ट्यूबलाइटच्या उजेडात कॅमेरा टेबलावर ठेवा, एएसए १०० करा आणि एफ ४, एफ ५.६, एफ ८ असे एकामागून एक क्लिक करा. प्रत्येक स्टॉपला, म्हणजे उजेड निम्मा करणाऱ्या पायरीला, शटर दुप्पट वेळ उघडं राहिलं पाहिजे आणि ते कानाला सरळ कळतं, 'टिक', मग 'टि–क', मग 'टि——क'. सगळीकडे सारखाच आवाज आला तर सर्किट गेलंय आणि तिथेच नमस्कार करून निघायचं. आणखी खात्री हवी असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवाल्या, मागून लेन्सचा व्हिडिओ काढा. १/३० असेल तर साधारण ८ फ्रेम उजेड दिसेल, १/१५ ला १६. मोबाइलवर लाइट मीटरचं अॅप टाकून त्याच्याशी ताडून बघा. अर्ध्या स्टॉपचा फरक निगेटिव्ह फिल्मला चालतो, दोन स्टॉपचा नाही.

लेन्स बघायला दार उघडं ठेवूनच बल्ब म्हणजे बी लावा (त्यात बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं), अॅपर्चर पूर्ण उघडा, बटण दाबून धरा आणि मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. समोरून सरळ बघितलं तर सगळ्या लेन्स स्वच्छच दिसतात. आपल्या हवेत कपाटात, त्यातून लेदर केसमध्ये राहिलेला कॅमेरा म्हणजे फंगसची शक्यता धरायचीच, केसचं चामडं पावसाळाभर ओल धरून ठेवतं. धुळीचे चार कण सोडून द्या, त्यांनी काही होत नाही. बघायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंकडे, आणि सगळ्या काचेवर पसरलेल्या दुधी थराकडे. कडेला एखादा तंतू असेल तर फोटोत दिसणार नाही, भाव पाडायला तो कामाला येतो. दुधी थर मात्र वाईट, त्याने कॉन्ट्रास्ट मरतो आणि समोरून दिवा आला की सगळं फटफटीत होतं. जांभळी नाक्याला पहाटे गाड्यांवर उघडे बल्ब असतात, तुम्हाला तेच फोटो काढायचे आहेत, म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची.

राहिला रेंजफाइंडर, ज्यासाठी एवढा खटाटोप. मधला पिवळा चौकोन ठसठशीत दिसतोय का ते बघा. फिका असेल तर बऱ्याचदा आतल्या आरशांवर नुसती धूळ असते, ती साफ होते, पण आरशाचा मुलामाच उडाला असेल तर काही करता येत नाही. लेन्स अनंताला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला, लावा आणि एक किलोमीटरच्या पलीकडची उभी रेघ बघा. वाशीत आहात तर गृहस्थांना म्हणावं चला जरा मिनी सीशोरवर, खाडीपलीकडच्या मानखुर्द बाजूच्या बिल्डिंगी याला उत्तम. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या पाहिजेत, डावीउजवीकडे पण आणि वरखाली पण. मग दीड मीटरवर त्यांनाच उभं करून त्यांच्या चष्म्याच्या काडीवर फोकस करा आणि लेन्सवरचा आकडा दीडच्या आसपास येतो का ते बघा.

सेल्फ टायमरच्या काडीला हात लावू नका. इतक्या वर्षांनी तो मध्येच अडकला तर शटरपण अडकतं आणि मग तुम्ही बिघडवलात असं होईल.

दारातला फोम चिकट झालेला असणारच, तो मुद्दाच धरू नका, स्वस्तात घरी बदलता येतो.

भावाचं माझं मत असं की हे सगळं जमलं तर साडेसहा ते सात हजार. 'ठक' नसेल आणि तरी हवाच असेल तर तीन हजारांच्या वर एक रुपया नको, कारण मेकॅनिकचे पैसे वेगळे जाणार. फोर्टात डीएन रोडच्या आसपास कॅमेऱ्यांच्या दुकानांत चौकशी केलीत तर जुने मेकॅनिक सापडतात, पण आधी विचारा की इलेक्ट्रो उघडलाय का, सगळे त्याला हात लावत नाहीत.

नेरुळची_ताई

काका तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत पण मला मुळातच विचारायचंय, पहिलाच रेंजफाइंडर घेणाऱ्याने इलेक्ट्रो का घ्यावा? सर्किट आज चालतंय, पुढच्या पावसाळ्यात गेलं तर? १९७३ चं मॉडेल आहे, त्यातला कार्बनचा कुठला रेझिस्टर कधी जाईल सांगता येत नाही आणि गेला की पार्ट नाहीत, दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्यातला काढायचा.

मी कॅननचा कॅननेट क्यूएल १७ जी थ्री हा रेंजफाइंडर वापरते. ४० एमएम एफ १.७, लेन्स तेवढीच फास्ट, आकाराने बराच लहान, आणि बॅटरी काढून टाकली तरी १/४ पासून १/५०० पर्यंत सगळे स्पीड चालतात. मीटरला पाऱ्याचीच ६२५ बॅटरी लागायची १.३५ व्होल्टची, तिच्या जागी मी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक एअर सेल टाकते, १.४ व्होल्टचा, मेडिकलमध्ये मिळतो. तेवढा फरक चालतो. १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकला तर मीटर चुकतं. आणि मीटर साफ गेलंच तरी मोबाइलवर बघून हाताने एक्स्पोजर लावून शूट करता येतं, इलेक्ट्रोत ही सोयच नाही.

जांभळीनाका, तुम्ही एसएलआरवर मॅन्युअल शिकलेले आहात म्हणून सांगते. घाई नसेल तर थांबा आणि मेकॅनिकल शोधा. फक्त कॅननेटची शटर आणि अॅपर्चरची पाती तेलाने चिकटतात हा त्याचा आजार, तो तपासून घ्यावा लागतो.

पिवळाचौकोन

ताई तुमचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सर्किट कधी जाईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि म्हणूनच मी भाव सातच्या वर नेत नाही.

पण इलेक्ट्रोच्या बाजूने एक सांगतो. अंधारात तो जे करतो ते कॅननेटला जमत नाही. त्याचं शटर ३० सेकंदांपर्यंत स्वतः मोजून उघडं राहतं आणि मधले स्पीड पायरीपायरीने नसतात, लागेल तो नेमका वेळ देतो. कॅननेट १/४ ला थांबतो, त्याच्या खाली बी लावून मनात मोजत बसा. दिवाळी पहाटेला कठड्यावर कॅमेरा टेकवून पाण्यातल्या दिव्यांचा फोटो काढायचा तर इलेक्ट्रोसारखा दुसरा नाही, बटण दाबायचं आणि बाकी त्याच्यावर सोडायचं. यांना जे काढायचंय ते बघूनच मी हो म्हणतोय.

ऐरोली_३५एमएम

कॅननेट चांगल्या कंडिशनमध्ये ९ हजारात मिळत असेल तर ताई मलापण सांगा, मी दोन घेतो. आणि ते सोव्हिएत फेड, झोर्की कॅमेरे स्वस्त दिसतात म्हणून त्यांच्याकडे वळू नका पहिल्यांदा, शटरच्या कापडी पडद्याला सुईएवढी भोकं असतात आणि फिल्म डेव्हलप होऊन येईपर्यंत कळत नाही.

जांभळीनाका

काका, ताई, मनापासून आभार. सगळं वाचलं, काकांचा रिप्लाय तर प्रिंट काढून नेणार आहे.

बॅटरीचं विचारायचं होतं. नौपाड्यात गोखले रोडला दोन दुकानांत विचारलं, ४एलआर४४ नाही म्हणाले, एकाने हीच ती म्हणून दुसरी छोटी दिली, रिमोटला लागते ती, दिसायला अगदी फोटोतल्यासारखी आहे, वर २३ए लिहिलंय. चालेल का?

ऐरोली_३५एमएम

नाही नाही नाही, ती टाकू नका!! २३ए ही १२ व्होल्टची आहे, गाडीच्या आणि गेटच्या रिमोटची. आकार जवळपास सारखा म्हणून दुकानदार देऊन टाकतात. दुप्पट व्होल्टेज जाऊन दुसऱ्याच्या वडिलांचा कॅमेरा तुमच्या हातात मरेल. ४एलआर४४ नाहीच मिळाली तर एलआर४४ चे साधे चार बटण सेल घ्या, घड्याळवाल्याकडे कुठेही मिळतात, एकावर एक ठेवून सेलोटेपने गुंडाळा, चार गुणिले दीड सहा व्होल्ट झाले. वरच्या आणि खालच्या टोकावर टेप येऊ देऊ नका बास.

जांभळीनाका

रविवार रात्र. जाऊन आलो. अजून पैसे दिले नाहीत, उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणून आलोय, म्हणून इथे सगळं टाकतोय, बघून सांगा.

गृहस्थ फार चांगले निघाले. सगळं तपासू दिलं, उलट स्वतःच टॉर्च धरून उभे राहिले आणि वडिलांनी या कॅमेऱ्यावर काढलेले जुने फोटो दाखवले, नवी मुंबई वसत असतानाचे, वाशीत सगळीकडे नुसती माती आणि अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी. फोटो धारदार आहेत.

बॅटरीचा कप्पा स्वच्छ होता. चार सेल टेपने गुंडाळून टाकले, फॉइलचा गोळा लावला, पहिल्यांदा दिवा लागला नाही, गोळा जरा मोठा केल्यावर हिरवा लख्ख लागला. पंखा बंद करून लिव्हर फिरवली आणि 'ठक' आला, एकदम स्पष्ट, दरवेळी. बोट ठेवल्यावर पिवळा, उजेडाकडे लाल, दोन्ही बरोबर. एफ ४, ५.६, ८ ला वेळ वाढत गेला, व्हिडिओत फ्रेम मोजल्या तर अॅपच्या हिशोबाला धरून आहेत, एफ ८ ला थोडं जास्त वेळ उघडं राहिलं पण अर्ध्या स्टॉपच्या आत.

आता वाईट गोष्टी. लेन्सच्या पुढच्या भागात कडेला फंगसचे दोन-तीन तंतू आहेत, वरच्या बाजूला नखाएवढ्या भागात. दुधी थर नाही. व्ह्यूफाइंडर जरा धूसर आहे पण पिवळा चौकोन दिसतो. आणि अनंत बसत नाही. मिनी सीशोरवरून पलीकडची बिल्डिंग बघितली तर वरखाली बरोबर आहे, पण आडव्या दिशेत दुसरी प्रतिमा किंचित उजवीकडे राहते, लेन्स टोकाला नेली तरी. जवळ मात्र, दीड मीटरवर, जवळजवळ बरोबर वाटलं.

ते ७५०० वर आलेत. काय करू? अनंताचं ऐकून मी थोडा बिचकलोय.

पिवळाचौकोन

'ठक' आहे आणि वेळ बरोबर वाढतोय म्हणजे अवघड भाग पार पडला, बाकी सगळं दुरुस्त होणारं आहे.

अनंताबद्दल एकच गोष्ट निश्चित करायला हवी, चूक रेंजफाइंडरची आहे की लेन्सच सरकलेली आहे. दोन्ही वेगळे आजार आहेत. व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, त्यामुळे चौकोन जे सांगतो ते आणि फिल्मवर जे पडतं ते वेगळं असू शकतं. तपासायचं असं की मागचं दार उघडा, फिल्म जिथून सरकते त्या दोन चकचकीत पट्ट्यांवर दुधी रंगाची मॅट टेप, स्टेशनरीत मॅजिक टेप म्हणतात ती, ताणून आडवी चिकटवा. सुरकुती नको. लेन्स अनंताला, एफ १.७, बी लावून बटण दाबून धरा आणि लांबच्या बिल्डिंगीकडे तोंड करा. टेपवर उलटं चित्र उमटेल. डोक्यावर काळं कापड किंवा ओढणी घ्या आणि भिंगाने बघा. बिल्डिंगीच्या खिडक्या तिथे कडक दिसल्या तर लेन्स बरोबर आहे आणि फक्त रेंजफाइंडरचा स्क्रू फिरवायचा आहे, कव्हर काढून मेकॅनिकला ते चटकन जमतं. टेपवर पण अस्पष्ट दिसल्या तर आधी कोणीतरी लेन्स उघडून चुकीची बसवली आहे आणि मग हा कॅमेरा सोडा.

उद्या पैसे द्यायच्या आधी पाच मिनिटं मागून एवढं करा. टेप नंतर हळू काढा, पट्ट्यांवर गोंद राहता कामा नये.

हे एवढं महत्त्वाचं का तर एफ १.७ ला एक मीटरवर जेमतेम पाच सेंटिमीटर भाग फोकसमध्ये असतो, डोळा कडक आणि कान गेलेला असं. तिथे चौकोन खोटं बोलला तर रोलच्या रोल वाया जातो. दिवसा एफ ८ ला मात्र ८ मीटरच्या आसपास फोकस लावून ठेवलात तर साधारण सव्वाचार मीटरपासून अनंतापर्यंत सगळं बसतं, तिथे ही चूक कळणारही नाही.

नेरुळची_ताई

मी कॅननेटवालीच राहणार पण तुम्ही सांगितलेलं वाचून मलापण वाटतंय हा घ्यावा. एवढं उघडपणे सगळं तपासू देणारा विकणारा मिळत नाही हो.

फंगसचं ऐकून घ्या. पुढच्या काचांच्या ग्रुपच्या बाहेरच्या बाजूला असेल तर साफ होतं, पण त्याने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायम राहतात. फोटोत नाही दिसणार, पण ती जिवंत असेल तर वाढेल. म्हणून आणल्यावर ती लेदर केस वेगळी ठेवा, दिसायला कितीही छान असली तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरा. इतर लेन्सांच्या शेजारी तर अजिबात नको.

आणि साडेसहाच म्हणा. व्ह्यूफाइंडर साफ करणं, रेंजफाइंडर लावणं, लेन्स साफ करणं ही तीन कामं आहेत, कारणं खरी आहेत आणि समोरचा माणूस समजून घेणारा आहे.

जांभळीनाका

घेतला!

टेपची टेस्ट त्यांच्या गच्चीवर केली, बायकोची ओढणी डोक्यावर घेऊन. पारसिकच्या डोंगराच्या बाजूला एक टॉवर दिसतो, तो टेपवर इतका कडक उमटला की गृहस्थांना बोलावून दाखवला. त्यांनी हा कॅमेरा लहानपणापासून बघितलाय, पण आत चित्र असं उमटतं हे त्यांना माहीत नव्हतं, बराच वेळ बघत होते. म्हणजे लेन्स बरोबर, फक्त रेंजफाइंडर लावायचाय. तिन्ही कामं समजावून सांगितली, ६८०० ला झालं. पहिल्या रोलचे दोन प्रिंट त्यांना देईन असं मीच कबूल केलंय.

शनिवारी फोर्टला घेऊन जातो. एक शंका, मेकॅनिककडे द्यायच्या आधी एक रोल टाकून बघू की आल्यावर? आणि मीटरचा डोळा लेन्सच्या बाहेर आहे तर पिवळा फिल्टर लावला की काय करायचं?

पिवळाचौकोन

अभिनंदन! आल्यावर टाका. आत्ता टाकलात तर फोकस चुकला तो कॅमेऱ्यामुळे की तुमच्यामुळे ते कळणार नाही आणि फिल्म, डेव्हलप, स्कॅन मिळून रोलमागे हजाराच्या वर जातातच.

फिल्टरचं बरोबर पकडलंत. डोळा बॉडीवर आहे, त्याला फिल्टर कळत नाही, म्हणून पिवळ्याला एक स्टॉप द्यायचा असेल तर ४०० ची फिल्म असताना एएसए २०० ला ठेवा. फिल्टरचा थ्रेड ५५ एमएमचा आहे. उजेड मागून येत असेल तेव्हापण हीच युक्ती, एएसए खाली आणा आणि फोटो झाला की परत जागेवर, हे विसरायचं नाही. आणि कॅप! व्ह्यूफाइंडरमधून सगळं छान दिसतं, मीटरपण चालतं, आणि लेन्सवर कॅप तशीच असते. गळ्यात कॅमेरा आला की कॅप खिशात गेली पाहिजे.

पहिल्या रोलवर पहिल्या सहा फ्रेम एफ १.७ ला काढा, दोन एक मीटरवर, दोन तीन मीटरवर, दोन लांबच्या बिल्डिंगीच्या, आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या मार्केटला. स्कॅन आले की त्या सहा आधी इथे टाका, मेकॅनिकने रेंजफाइंडर नीट लावलाय की नाही ते त्यावरून लगेच सांगता येईल.